सुट्टीतला बिनकामाचा दिवस: दोस्त, गाव आणि उकडलेल्या शेंगा

मुळामुठा

इथले भटकंतीचे धागे वाचून मला बसल्या जागी दम लागतो. चार दिवसात अकरा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी फोटो, मग पुढच्या ठिकाणी पळा. म्हणून हा उलट्या बाजूचा धागा काढतोय. दोस्तांबरोबर सुट्टीवर गेलात, एक दिवस असाच साधा गेला, कुठे गेलो नाही, काही पाहिलं नाही, आणि परत आल्यावर सगळे त्याच दिवसाबद्दल बोलतायत, असं तुमचं झालंय का? झालं असेल तर सविस्तर लिहा, कुठे होतात, काय खाल्लंत, कोण कोण होतं. थोडक्यात लिहू नका, मला वाचायचंय.

सुरुवात मी करतो. डिसेंबरच्या शेवटी आमची जुनी हॉस्टेलची गँग एका मित्राच्या गावी गेली, वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. गावाचं नाव टाकत नाही कारण तो गडी इथे वाचत असतो आणि त्याच्याकडे आधीच पाहुणे कमी नाहीत. पुण्याहून रेल्वेने वर्धा, तिथे गोरस भंडारातून गोरसपाक (वर्ध्याची तुपातली बिस्किटं) घेतला (तो न घेता वर्धा ओलांडला तर मित्राची आई घरात घेत नाही अशी आम्हाला तंबी होती), पुढे मित्राची गाडी. ताडोबाची सफारी बुधवारची काढलेली, चिमूरकडून कोलारा गेटला जायचं होतं. मंगळवारी ताडोबा बंद असतं म्हणून मंगळवार मोकळा, तर आमच्यातल्या एकाने, त्याला इथे प्लॅनर म्हणू, त्या एका दिवसासाठी एक्सेल शीट केलेली. सेवाग्राम, पवनार, गिरड, बोर धरण, सगळं वेळा घालून, जेवणाला पस्तीस मिनिटं.

ती शीट सकाळी साडेसहालाच बाद झाली कारण गोधडीतून कोणी बाहेर यायला तयार नाही. तिकडची थंडी कोरडी, पायाच्या बोटांपासून वर चढते. अंगणात मित्राच्या घरच्या आबाजींनी गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या झाडांची) शेकोटी पेटवली होती, शेजारचे दोघंतिघं आधीच येऊन बसलेले, आम्ही पण एकेक करून गोधडीसकट जाऊन बसलो आणि तिथेच नऊ वाजले. बोलणं सगळं कापसाचं. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात (२०२५-२६) हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता पण व्यापारी काय देतो, ओलावा दाखवून किती कापतो, बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क सरकारने डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ केलं होतं त्यात आपला भाव कसा बसला. आम्ही सगळे कॉटनचे शर्ट घालून हे पहिल्यांदा ऐकत होतो.

मग कोणीतरी म्हणालं, तुम्ही पोट्टे कम्प्युटरवाले ना, मग हमीभावानं कापूस विकायची नोंदणी मोबाईलवर करा लागते ते करून द्या. झालं. ओसरीवर आमचं सेवा केंद्र सुरू. सातबारा आणा, आधार आणा, आणि ओटीपी यायला खाली रेंज नाही म्हणून प्लॅनर प्रत्येकाचा मोबाईल घेऊन गच्चीवर पळतोय आणि वरून आकडे ओरडून सांगतोय. एक काका म्हणाले, अर्ध्या गावानं ऐकला माझा नंबर, बरं झालं खात्यात काही नाही.

दुपारी वावरात गेलो. तूर डोक्याच्या वर गेलेली, पलीकडे पऱ्हाटीत बायांची वेचणी चालू. मित्राने आम्हाला तुरीच्या भरलेल्या हिरव्या शेंगा तोडायला लावलं, विहिरीजवळ तीन दगडांवर गंज (मोठं पातेलं) ठेवला, पाणी, मूठभर मीठ, आणि शेंगा उकडल्या. निंबाखाली बाज टाकलेली, तिच्यावर आणि तिच्याभोवती बसून सोलत राहिलो. या शेंगांवर मला जरा जास्त लिहायचंय. एक तर त्या घाईने खाताच येत नाहीत, प्रत्येक शेंगेत चार-पाच दाणे, ते काढेपर्यंत वेळ जातो. हात ओले आणि खारट असतात त्यामुळे मोबाईलला हात लावायची सोय नाही. आणि पोट भरलं तरी हात चालूच राहतो. म्हणजे बोलण्याशिवाय दुसरं काही उरतच नाही. आमच्यातल्या एकाची नोकरी जाऊन काही महिने झालेत हे मला त्या बाजेवर कळलं, ग्रुपवर आम्ही रोज बोलतो तरी. त्याने सांगितलं, कोणी सल्ला दिला नाही, कोणी नंबर दिला नाही, शेजारच्याने सोललेल्या दाण्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि विषय मग हळूहळू त्याच्या जुन्या साहेबाच्या नकलांवर गेला. त्या नकला तो अजून भारी करतो.

नंतर मेंढीकोट. मित्राचे काका माझे भिडू होते म्हणून आम्ही जिंकत होतो, कोणाच्या हातात दश्शी आहे ते त्यांना समोरच्याच्या तोंडावरून कळायचं. मध्येच दोघं पत्ते हातात धरूनच झोपले. संध्याकाळी तिथेच गोवऱ्यांच्या आरात रोडगे आणि वांग्याची भाजी. रात्री अकराला लाईन (शेतीची वीज) आली, त्या आठवड्यात त्यांची रात्रीची पाळी होती, म्हणून मित्र हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला आणि आम्ही दोघं बॅटरी घेऊन मागे. स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या ओळीत लावायचे, गुडघ्यापर्यंत ओले, दात वाजतायत, आणि मित्र म्हणतो हे मी महिन्यातून पंधरा रात्री करतो.

बुधवारी सफारी पण झाली, छान झाली, त्याचा धागा प्लॅनर काढेल, एक्सेलसकट.

ग्लासअर्धा

काहीच न करायला पुण्याहून वर्ध्यापर्यंत जायचं? घरी सोफ्यावर पण होतं की हे, तिकिटाचे पैसे वाचतील.

मुळामुठा

@ग्लासअर्धा घरी सोफ्यावर बसलं की सिलेंडरवाला येतो, सोसायटीची मीटिंग येते, आणि दोस्त तर येतच नाहीत. एकाच शहरात राहून आम्ही चौघं शेवटचे कधी भेटलो ते आठवत नाही.

कापूसकोंडा

भाऊ लय मस्त लिवलं बाप्पा. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, मले वाचतानी शेंगाईचा वास आला. पण एक सांगतो, हे सारं डिसेंबरात गेले म्हणून जमलं तुमचं. मे मंदी येजा, मंग पाहू कसे निंबाखाली बसता तं. पारा ४५ च्या वर गेला का सकाळी दहाच्या बाद गावात कुत्रंबी दिसत नाई. माह्ये पुण्याचे दोस्त एकडाव मे महिन्यात आले होते, लग्न होतं म्हणून, लग्न झाल्यावर दोन दिवस राहिले. म्या म्हणलं बसा आता. दिवसभर काय तं कूलरपुढं जागा धरून बसायचं, जो पाणी प्याले उठला त्याची जागा गेली. कूलरच्या वाळ्यावर पाणी टाकायची पाळी लावली होती, दुपारी तीनला लाईन गेली का साऱ्याईचे तोंडं पाहण्यासारखे. मंग माठाजवळ जमिनीवर पाणी मारून ओल्या फरशीवर आडवे. आंब्याचं पन्हं, कांदा, ताक, दुसरं काही पोटात जात नाई.

पण खरं सांगू का, रातच्याले जे गच्चीवर गाद्या टाकल्या, उन्हाळ्यातलं आभाळ, थोडी हवा सुटली, तं चार चार वाजेपर्यंत पोट्टे बोलून रायले होते. तोही दिवस काही कमी नव्हता. फक्त तो दिवस रातच्याले होता.

तुती

धागा आवडला, शेंगांचं तर फारच. आता एक विचारते, राग मानू नका. शेकोटीपाशी नऊ वाजेपर्यंत बसलात, त्यात चहा किती वेळा झाला आणि तो कुठून आला? आमचं सासर अकोल्याकडे. नवऱ्याचे मित्र दरवर्षी येतात "निवांत" व्हायला. चांगली माणसं आहेत, वहिनी वहिनी करतात, जाताना साडी देतात. पण ते येतात त्या दिवशी मी पहाटे उठते ते रात्री अकराला ओटा पुसून झोपते. त्यांचा साधा दिवस म्हणजे माझा सणाचा दिवस, फक्त पुरणपोळी तेवढी नसते. बाहेर बाजेवर माणसं सहा तास बसली की आत कोणीतरी सहा तास उभं असतं, हे गणित बऱ्याच जणांना दिसत नाही.

पाटवडी

+१ तुती. आणि "तुम्ही पण बसा ना वहिनी" असं पोळी तव्यावर असताना म्हणतात त्यांच्यासाठी वेगळा धागा हवा.

धुऱ्यावरचा

मीच तो मित्र. मुळामुठाने गावाचं नाव टाकलं नाही त्याबद्दल आभार, पण समुद्रपूर लिहिल्यावर आमच्या गावात निम्म्या लोकांना कळलंच.

तुतीताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्या आईने तो माझ्याआधीच सोडवला होता. या पोट्ट्यांना आई कॉलेजपासून ओळखते, ते पाहुणे राहिलेच नाहीत. सकाळचा एक मोठा गंज चहा ती करते, तो संपला की पुढचा ज्याला पाहिजे त्याने करायचा, साखर कुठे पत्ती कुठे हे यांना पाठ आहे. दुपारी घरून फक्त भाकरी आणि जवसाची चटणी आली होती, बाकी शेंगांवर भागलं. बायको अंगणवाडीत आहे, तिला मंगळवारची सुट्टी नाही, ती कामावर गेली आणि साडेचारला सरळ वावरात आली आणि तिने काकांच्या जागी बसून मुळामुठाच्या भिडूगिरीची पार वाट लावली, हे त्याने लिहिलेलं दिसत नाही.

रोडगे मुद्दाम वावरात केले. आमच्याकडे रोडगे बाहेरच करतात आणि बहुतेक वेळा गडी माणसंच करतात. जाडसर दळलेली कणीक, घट्ट भिजवायची, लहान लहान पाऱ्या लाटून मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि शेवटच्या मोठ्या पारीत गुंडाळून गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून धूर जाऊ द्यायचा, नुसता लाल आर राहिला की त्यात गोळे पुरायचे, मधून मधून फिरवायचे. झाले की राख झटकून फोडायचे आणि आत तुपाची धार. वांगी यांनीच चिरली. प्लॅनरने वांगी चिरायला स्केल वापरली असती तर मला नवल वाटलं नसतं, इतके एकसारखे तुकडे.

आणि हो, यांच्यासाठी मी काही वेगळं केलं नाही. नोंदणीचं काम त्या आठवड्यात करायचंच होतं, शेंगा खायचे तेच दिवस होते, पाण्याची पाळी होतीच. हे नसते आले तर मी तेच केलं असतं, फक्त पाईप एकट्याने उचलले असते.

मोठी_सून

मी वरुडकडची, संत्र्याच्या पट्ट्यातली. एकत्र कुटुंब, बाहेरून येणारे जाणारे खूप, दिराचे मित्र, नणंदेच्या मैत्रिणी, मुंबईचे कोण कोण. तेव्हा घरातल्या बाजूने लिहिते, जे कोणी अशा गावात जाणार असतील त्यांच्या कामाला येईल.

पहिलं म्हणजे किती जण आणि कधी पोचणार ते नक्की सांगा. "आम्ही बघतो, आलो तर आलो" याच्यासारखं वाईट काही नाही, आम्ही दोन्ही तयारीत राहतो. जेवणाचं आधी सांगा की जे घरात होईल तेच खाऊ, आणि मग खरंच तेच खा. आमच्याकडे पाहुणा आला की वडाभात, पाटवडी, पुरणपोळी सगळं एकाच दिवशी करायची खोड आहे आणि ती सासूबाईंच्या पिढीची, आम्ही थांबवू शकत नाही. पाहुण्यानेच तोंडाने मागितलं की "काकू आज चून (पिठलं) आणि भाकर द्या, सोबत कांद्याची पात", की सासूबाई पण खूश आणि मी पण. हिवाळ्यात सोलेभात मागा, ओल्या तुरीच्या दाण्यांचा, एका गंजात होतो आणि पोटभर होतो.

ताट उचलून मोरीपर्यंत नेऊन ठेवा. घासू नका, सासूबाईंना ते चालत नाही, पण उचला. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, सगळ्यांनी एका मागोमाग एक उरका, अकरा वाजता कोणी उठून "गरम पाणी आहे का" विचारलं की परत जाळ घालावा लागतो.

दिराचे मित्र मागच्या वेळी आले होते तेव्हा संत्र्याची तोड सुरू होती, आंबिया बहाराची. ते बागेत बसून प्रतवारी करू लागले, लहान मोठी वेगळी करायची, डाग असलेली बाजूला. कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर तेच करत गाणी म्हणत होते, आमचे मजूर हसत होते कारण यांचा हात फार हळू, पण त्या दिवशी मला एकदाही आतून बाहेर चहा न्यावा लागला नाही, मजुरांच्या चहाबरोबर त्यांचा झाला. त्यांना पण तो दिवस आवडला म्हणाले. पुढच्या सुट्टीत बायका मुलांना घेऊन येणार आहेत. येऊ द्या.

आणि वेचणी करणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्या मजुरीवर असतात, किलोवर पैसे मिळतात, तुमच्या फोटोसाठी थांबल्या तर त्यांचं वजन कमी भरतं.

तुती

@मोठी_सून हे छापून घराच्या दारावर लावते. @धुऱ्यावरचा तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

बाभूळबन

मला उलटा अनुभव. आम्ही मैत्रिणी मिळून एका हुरडा पार्टीच्या ठिकाणी गेलो होतो, नागपूरपासून फार लांब नाही, नाव जाऊ दे. जाहिरातीत "गावाकडचा निवांत दिवस" असं होतं. गेटवर मनगटाला कागदी पट्टा बांधला, सकाळी दहा ते साडेदहा बैलगाडी, साडेदहा ते अकरा मातीची भांडी, अकरा वाजता हुरडा, आणि हुरड्याच्या शेजारी डीजे. बैलगाडीला रांग होती. रांगेत! बैल बिचारे गोल गोल फिरत होते. हुरडा भाजणारे आजोबा बोलायला छान होते, त्यांना विचारलं तुमच्याकडे ज्वारी किती, तर म्हणाले माझ्याकडे ज्वारी कुठली बाई, गावात कोणी पेरतच नाही, सगळं सोयाबीन, ज्वारी पेरली तर अर्धी पाखरं खातात आणि अर्धी डुकरं. हा हुरडा बाहेरून आणलेला होता.

आम्ही शेवटी डीजेपासून लांब, पार्किंगच्या मागे एका बांधावर जाऊन बसलो आणि तिथे दीड तास जे बोललो तेवढीच आमची सहल. तिथला एक मुलगा येऊन विचारत होता की मॅडम तुमची पतंगाची ॲक्टिव्हिटी राहिली.

कापूसकोंडा

पार्किंगच्या मागं 😂 ताई खरं सांगू का, माह्या बापाच्या टायमाले आमच्या वावरात निरा ज्वारीच असे, आता औषधाले सापडत नाई. हुरडा खायचा असन तं ज्याच्या घरी ढोरं हायेत त्याच्या इथं चौकशी करा, कडब्यासाठी म्हणून तो थोडीशी पेरते.

झाडीतला

आमच्या गोंदिया भंडाऱ्याकडचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो जी. सगळं वऱ्हाडाचंच चाललं आहे, कापूस आणि तूर. आमच्याकडे धान. दोस्तांना बोलवायचं तर दिवाळीनंतरचे दिवस, धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या, गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक. कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, नाटक रात्री सुरू होते ते पहाटे संपते, आणि लोक पोती, चादरी, शेगडी घेऊन बसतात. माझे मुंबईचे दोस्त आले होते, त्यांना वाटलं दोन तासाचं असेल. पहाटे चार वाजता खलनायक मेला तेव्हा त्यातला एक उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पण धागा निवांत दिवसाचा आहे, तर नाटकाच्या दुसऱ्या दिवसाचं लिहितो. सगळं गाव झोपलेलं. रस्त्यावर कोणी नाही, दुकानं बंद. आम्ही दहा अकराला उठलो, तोंड धुऊन सरळ तलावाच्या पाळीवर. आमच्या भागात हे माजी मालगुजारी तलाव हजारो आहेत, इंग्रजांच्याही आधीपासूनचे, कोहळी लोकांनी बांधलेले, धानाला पाणी त्याचंच. नवेगाव बांध मोठा म्हणून सगळे तिकडे जातात, पण प्रत्येक गावाचा आपला तलाव असतो आणि तिथे कोणी तिकीट मागत नाही. ढिवर भाऊ जाळं ओढत होते, त्यांच्याकडून झिंगे घेतले. पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. थंडीची पाखरं यायला लागली होती, दोस्ताकडे दुर्बीण होती, तो नावं सांगत होता, दुसरा प्रत्येक पाखराला रात्रीच्या नाटकातल्या नटाचं नाव देत होता. नशीब असेल तर आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसते, महाराष्ट्रात सारस आता बघायचा तर गोंदियाकडेच यावं लागते. आम्हाला त्या दिवशी दिसली नाही. झिंगे मात्र फार भारी झाले होते.

वाटाड्या

छान चाललंय पण एक खबरदारीचं टाकून ठेवतो, पुढे कोणी वाचून जाईल. समुद्रपूर, चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, हा सगळा पट्टा असा आहे की वाघ गेटच्या आत थांबत नाही. गावकऱ्यांना कुठल्या नाल्याकडे जायचं, कुठल्या नाही हे माहीत असतं, पाहुण्यांना नसतं. पहाटे आणि अंधार पडताना एकट्याने फिरायला जाऊ नका, घरच्यांना विचारून जा, बोलत जा. मोहफुलाच्या आणि तेंदूपानाच्या दिवसात जंगलाला लागून खाली वाकून काही वेचायची हौस करू नका, वाघाचे बरेच हल्ले तशा वाकलेल्या माणसांवर झालेत.

दुसरं, रात्री वावरात जायचं असेल तर मुळामुठासारखं मालकाच्या मागेच जा आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरची (बांधावरची) तार ओलांडू नका. डुकरं आणि रोही (नीलगाय) येऊ नये म्हणून लोक झटका मशीन लावतात, सोलरचं, ते माणूस मारत नाही, नुसता दणका देतं. पण काही जण गुपचूप सरळ लाईनचा करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसं मेलेली आहेत. कुठली तार कुठली हे अंधारात कळत नाही.

धुऱ्यावरचा

@वाटाड्या बरोबर. यांना आधीच सांगितलं होतं, माझ्या बॅटरीच्या उजेडात चाला, शेजारच्या वावरात पाय टाकू नका. पुढच्या नाल्याकडे तर मीच जात नाही रात्रीचा.

ग्लासअर्धा

बरं, मागे घेत नाही पण विचारतो. आम्ही कॉलेजचे सहा जण आहोत, विदर्भात कोणाचंच गाव नाही. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं, पार्किंगच्या मागे बसायचं?

मोठी_सून

@ग्लासअर्धा तुमच्या ऑफिसात वरुड, मोर्शी, आर्वी, पुसद, दर्यापूर, कुठला ना कुठला एक जण असेलच. त्याला जेवणाच्या डब्यावरून ओळखाल, त्याच्या डब्यात ठेचा असतो. त्याला फक्त विचारा की तुमच्याकडे सध्या वावरात काय चाललंय. तो सांगायला लागला की थांबत नाही, आणि शेवटी "या की एकदा" म्हणतोच. ते तो खरं म्हणत असतो. तुम्ही जात नाही म्हणून ते तिथेच राहतं.

ग्लासअर्धा

आहे एक. कारंज्याचा. रोज म्हणतो.

मुळामुठा

मग जा ना बे. (हे बे तिकडून घेऊन आलोय, आता सुटत नाहीये, घरी आईला बोललो परवा.)

@धुऱ्यावरचा आम्ही परत कधी यायचं ते सांग. प्लॅनर आजच विचारत होता आणि म्हणत होता की या वेळी शीट करणार नाही, फक्त "एक छोटी यादी".

धुऱ्यावरचा

जानेवारीच्या मध्यानंतर तूर वाळायला लागते, शेंगा संपल्या समजा. फेब्रुवारीत या, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, डहाळे उपटून तिथेच जाळावर भाजू, तोंडं काळी होतात, पांढरे कपडे आणू नका. तेव्हा दिवसाची पाळी आहे का रात्रीची ते मात्र आत्ता सांगता येत नाही. ज्याची नोकरी गेली त्याला म्हणा तू दोन दिवस आधी ये, मला तुरीचं खळं करायला माणूस पाहिजे.

कापूसकोंडा

आन त्या प्लॅनरले सांगा यादीत पयलं नाव माह्या गावचं टाक. आमच्या इथंबी ओटीपी येत नाई, गच्ची उंच हाये.